एका हाताचा मोजा

"ताई, मोजे जोडीनं शिवत असतेत. तुमी एकेकच काहून मांगून राह्यल्या?"

वाशीमच्या बाजारातल्या शिंप्यानं मला हे विचारलं तेव्हा मी घाईत होते आणि उत्तर मोठं होतं. माझी मागणी विचित्रच होती. तान्ह्या बाळाच्या मुठीला बसतील असे मऊ सुती हातमोजे, मनगटाशी सैल पट्टी, नाडी नको कारण बाळं नाडी चघळतात, आणि सगळे सुटे. तो बिचारा नमुना उलटसुलट करून पाहत होता. शेवटी हळूच म्हणाला, "एका हाताचं लेकरू हाय का?"

"नाही रे बाबा, चांगले दोन हात आहेत. एकाची त्याला आठवण राहिली नाही, एवढंच."

हे ऐकून त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं त्याच्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. तेच इथं सांगते. कारण निवृत्तीनंतर मी नक्की काय करते ते माझ्या घरच्यांनाही धड कळलेलं नाही. माझ्या जावयाला तर अजून वाटतं की मी पोलिओचे डोस पाजत फिरते.

मी तायडे सिस्टर. डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण गावात शिरले की लोक मला गुडघेदुखीपासून म्हशीच्या कासेपर्यंत सगळं विचारतात. माझी नोकरी सरकारी दवाखान्यात गेली, आणि त्यातली बहुतेक वर्षं नवजात बाळांच्या कक्षात. निवृत्त झाले, सत्कार झाला, शाल मिळाली. त्या शालीची घडी मोडायच्या आत एका डॉक्टर मॅडमचा फोन आला. मॅडम शहरातल्या, लहान मुलांच्या मेंदूच्या तज्ज्ञ. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झालेल्या बाळांवर त्या आमच्या भागात अभ्यास करणार होत्या आणि त्यांना घरोघर जाणारी, वऱ्हाडी बोलणारी, न लाजणारी बाई हवी होती. तिन्ही गोष्टी माझ्यात आहेत. तिसरी जरा जास्तच आहे.

आता इजा म्हणजे काय ते सांगते. काही बाळांच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीत जन्माच्या आसपास बारीकशी गुठळी अडकते. तेवढ्या भागाला रक्त मिळत नाही आणि तो भाग मरतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळाला झटके येतात. औषधानं ते थांबतात, बाळ दूध ओढायला लागतं, आणि सगळे हुश्श करून घरी जातात. खरं काय ते चार-पाच महिन्यांनी दिसतं. एक हात खुळखुळा पकडतो आणि दुसरा अंगठा मुठीत दाबून गप्प पडून राहतो. इजा मेंदूच्या डाव्या बाजूला असली तर उजवा हात, उजव्या बाजूला असली तर डावा.

आणि घरची माणसं काय म्हणतात? "सिस्टर, पोट्टं डावरं निंगालं, पाहा कसं झपकन धरते!" खूश असतात हो. मला तिथं हसता येत नाही. वर्षाच्या आतलं लेकरू डावखुरंही नसतं आणि उजवंही नसतं, ते दोन्ही हातांनी सारख्याच उचापती करतं. इतक्या लवकर त्यानं एकच हात धरला असेल, तर दुसरा चालत नाही म्हणून धरलेला असतो. ही एक गोष्ट सगळ्या आजी-आजोबांना माहीत झाली तर माझं अर्धं काम संपेल.

मेलेला भाग परत जिवंत करणारं औषध अजून कोणाकडे नाही. पण तान्ह्या मेंदूत एक खुबी असते. शेजारचा शाबूत भाग ते काम शिकू शकतो, मात्र हातानं काम मागत राहायला हवं. मी लोकांना पांदणीचं उदाहरण देते. शेतात जायची पांदण रोज वापरली तर वाट राहते. दोन पावसाळे कोणी गेलंच नाही तर बाभळी तिला गिळून टाकतात. म्हणून चांगल्या हाताला रोज अर्धा तास मोजा घालायचा, आईनं समोर बसायचं आणि दुबळ्या हाताच्या बाजूनं खेळणं धरायचं. मोजा घातलेल्या हातानं काही पकडता येत नाही, मग दुसऱ्याला झक मारत पुढं यावं लागतं. तो हात पहिल्याच्या बरोबरीचा होणार नाही, हे आम्ही प्रत्येक घरी आधीच सांगतो. पण मदतीला येणारा हात आणि नुसता लोंबणारा हात यांत आयुष्याचा फरक असतो.

हे मोठ्या मुलांना उपयोगी पडतं असं मॅडम म्हणायच्या. पण इतक्या लहान बाळाला, खेड्यातल्या घरात, आईच्या हातून दिलं तर किती फायदा होईल हे कोणी छातीठोक सांगू शकत नव्हतं. म्हणून बाळांचे दोन गट. एका गटाला मोजा, दुसऱ्याला मालीश. कोणाला काय, ते शहरातला संगणक ठरवणार आणि माझ्या फोनवर कळवणार. वर्षभरानं तपासणी झाली की मालीशवाल्यांनाही मोजा मिळणार. मालीश शिकवायला गेले की घराघरात हशा. "सिस्टर, हे शिकवाले आल्या का तुमी वाशीमहून? आमची माय काय भिताडाले तेल लावे?" मी म्हणायची, हसा बाई हसा, पण शहरातल्या मॅडमना वाटतं की लेकराला तेल लावणं हाही एक कार्यक्रम असतो.

जऊळक्याच्या एका बापानं मला दारातच अडवलं. "आमच्या लेकरावर प्रयोग करून राह्यले का तुमी?"

मी म्हटलं, "हो."

तो गडबडला. त्यानं भांडायची तयारी केली होती. म्हणाला, "म्हंजे यानं फायदा होते का नाई, तुमालेच मालूम नाई?"

"नाही. माहीत असतं तर प्रयोग कशाला केला असता?"

त्यानं जरा विचार केला आणि बाज पुढं ओढली. "मंग बसा. ज्यायले सगळंच मालूम राह्यते, त्यायची मले भीती वाटते."

त्याचं बाळ अभ्यासात आलं. सगळीच टिकली नाहीत. आसेगावकडचं एक जोडपं वीटभट्टीच्या कामाला बाळ घेऊन निघून गेलं. मोजा त्यांच्या पिशवीत होता एवढं मला माहीत आहे. त्यांचा फोन लागत नाही. मी अजूनही अधूनमधून लावून पाहते आणि फोनमधली ती बाई कानात येऊन सांगते की हा नंबर अस्तित्वात नाही. त्या बाळाचं काय झालं असेल हे मनातून जात नाही.

आता केनवडच्या राधिकाचं सांगते. ही गोष्ट मी मॅडमनाही एवढी सविस्तर सांगितलेली नाही.

राधिकाला तिसऱ्या दिवशी झटके आले होते. अभ्यासासाठी बाळं शोधायला मी आमच्या जुन्या कक्षात चक्कर मारायची, तिथंच मी तिला पाहिलं होतं. पाचव्या महिन्यात तिची आई मनीषा स्वतःच तिला घेऊन दवाखान्यात आली, कारण तिच्या लक्षात आलं होतं की पोरीचा उजवा हात दुपट्यातून बाहेरच येत नाही. हुशार मुलगी, बारावी झालेली. मी मोज्याचं समजावलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "मोजाच द्या." फोनवर मात्र उत्तर आलं, मालीश. मनीषाच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. "सिस्टर, पोरीची जात हाय. स्वतःची वेणी तरी घालता येईन का हिले?" मी तिला तपासणीनंतर मोजा मिळेल, एवढंच सांगितलं, आणि घरी जाताना एसटीत माझा मलाच राग येत होता.

तिनं मला आणखी एक गोष्ट सांगितली होती. सासूला, कौसाबाईंना, मेंदूचं काही बोलायचं नाही. "डोक्यात बिघाड हाय असं गावात झालं तर पोरीले येडी म्हणतीन. आत्याबाईच्या तोंडात तीळ भिजत नाई." घरात फक्त एवढंच माहीत होतं की सिस्टर मालीश शिकवायला येतात. घरचं गुपित घरच्यांचं, मी तोंड उघडायचं नाही हा आमच्या कामाचा नियम. म्हणून मी गप्प बसले.

मग राधिकाचं उष्टावण झालं. पै-पाहुणे जमले, मामानं खिरीची वाटी पुढं धरली, आणि राधिकानं डावा हात थेट वाटीत घालून तोंडाला लावला. सगळे हसले. कोणीतरी बोललं, "कौसाबाई, नात डावरी निंगाली व तुमची!" कौसाबाईंना ते फार लागलं. त्या घरात देवाला, जेवणाला, द्यायला-घ्यायला डावा हात चालत नाही.

पुढच्या भेटीला गेले तर राधिकाच्या डाव्या मनगटावर लाल वळ. मी विचारलं, "हे काय?" मनीषा खाली पाहायला लागली. कौसाबाईंनी मात्र बेधडक खुंटीवरचं जुनं टोपडं काढून दाखवलं. "हे बांधतो मी तिच्या हाताले. सकाळपासून झोपेपरेंत."

"काहून?"

"काहून म्हंजे? डाव्या हातानं जेवन का माही नात? उद्या लोकाच्या घरी जायची हाय ते. आमच्या चुलत दिराचं असंच बांधून बांधून सुधरलं. हट्टी हाय हे पोट्टी, उजवा हात काढतच नाई. पन मीबी हट्टी हाय."

ज्या घराला संगणकानं मोजा नाकारला, त्या घरात आजीनं मोजा स्वतःच शोधून काढला होता! कारण पार चुकीचं, वेळ पार चुकीची, आणि हात मात्र नेमका बरोबर.

पण मला चिडणं भाग होतं, आणि मी चिडले की माझा आवाज तीन घरं ओलांडतो. "कौसाबाई, दिवसभर हात बांधला तर तो चांगला हातही वाया जाईल. रक्त अडकतं. आत्ताच्या आत्ता हे टोपडं टाका."

"तुमाले काय करा लागते? तुमी मालीश शिकवा!" त्यांचाही आवाज काही कमी नव्हता.

आम्ही दोघी तोंडाला तोंड देत असताना मनीषा मध्येच बोलली. अगदी हळू. "आत्याबाई, ते डावरी नाई. तिचा उजवा हात चालतच नाई. झटके आले ना तवा, डोक्यात रक्ताची गाठ झाली होती. मेंदूले लागलं तिच्या."

कौसाबाई मनीषाकडे वळल्या. टोपडं हातातच होतं.

"म्हंजे ते हट्ट नोयती करत?"

"नाई."

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी लोकायले सांगान म्हून."

"मी? माह्या नातीचं?" एवढं बोलून त्या उठल्या आणि दारात जाऊन पाठमोऱ्या बसल्या. मनीषा रडायला लागली, तिला पाहून राधिका रडायला लागली, आणि मी आपली आल्या आल्या हातात दिलेला चहाचा कप घेऊन मध्ये उभी.

जरा वेळानं मनीषानं डोळे पुसले आणि मला खिंडीत गाठलं. "सिस्टर, आत्याबाईनं बांधलं तो मोजाच झाला ना? फायदा होते का नाई, एवढं खरं सांगा."

"खरं सांगते, मलाही माहीत नाही. तेच तर आम्ही पाहून राहिलो."

"तुमची नात असती तर?"

हे असलं विचारू नये माणसाला. मी मॅडमना फोन लावला आणि जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. मॅडम फोनवरच मनीषाशी बोलल्या. हात बांधणं आधी बंद करा म्हणाल्या. मग म्हणाल्या, अभ्यासातून नाव कधीही काढता येतं, कोणी रागावणार नाही, मोजा आणि शिकवण दोन्ही मिळेल. थांबलात तर वर्षाच्या तपासणीनंतर मिळेल. आणि मला म्हणाल्या, "सिस्टर, त्यांना कुठल्याही बाजूला ढकलू नका." मला गप्प बसायला सांगणं म्हणजे शिक्षाच. पण बसले. आत मात्र दोन बाया भांडत होत्या. एकीला अभ्यासातलं एकही बाळ गळायला नको होतं, कारण अशी बाळं गळत गेली तर खरं काय ते कधीच कळणार नाही आणि उद्याच्या बाळांच्या आयांनाही मी "माहीत नाही" हेच सांगत बसेन. दुसरीनं त्या पोरीला काचेच्या पेटीत झटके येताना पाहिलं होतं.

मनीषानं फार वेळ घेतला नाही. "वरीस थांबाले तिच्या डोक्याले सवड हाय का, सिस्टर? तुमीच म्हनल्या, पांदण बुजते म्हून. आमचं नाव काढा."

मी नाव काढलं. वर्षाच्या तपासणीला तरी या, अशी मॅडमनी विनंती केली आणि मनीषा हो म्हणाली. गंमत अशी की संगणकानं जो गट दिला त्याच गटात बाळ मोजायचं असा नियम असल्यामुळे राधिका हिशेबात मालीशवालीच राहिली. हे कौसाबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मोजा आमी घालावा अन् नाव तेलाचं?" त्यांना हे अजून पटलेलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पटायला वेळ लागला.

मोजा सुरू झाला आणि खरा त्रास तिथून पुढं. मोजा घातला की राधिका भोकाड पसरायची. उजवा हात तसाच, मूठ घट्ट, अंगठा आत. मनीषा मला व्हिडिओ पाठवायची, त्यात रडण्याशिवाय काही नसायचं. आणि मग तिच्या तक्रारी सुरू झाल्या. "सिस्टर, मी पान्याले गेली की आत्याबाई मोजा काढून टाकतात. विचारलं तर म्हनतात, गळून पडला."

मी गेले भांडायला. "कौसाबाई, तेव्हा दिवस दिवस हात बांधत होतात, तेव्हा नाही पाझर फुटला. आता अर्धा तास निघत नाही?"

त्या म्हणाल्या, "तवा मले वाटे ते हट्ट करते. हट्टी लेकरावर रागावता येते. आता मालूम हाय ना मले, तिले येतच नाई. ज्या लेकराले येत नाई त्याले कसं अडवू मी, सांगा बरं?"

आयुष्यभर बाळांना सुया टोचल्या मी, पण माझ्या स्वतःच्या लेकीला टोचायची वेळ आली तेव्हा मीही दुसऱ्या सिस्टरला हाक मारली होती. तरी मी कडक आवाज काढला. रडणं वाढलं तर जरा थांबा, उचला, परत घाला, पण लपूनछपून काढू नका. त्या हाताला काम पडू द्या. आणि तुमच्यानं बघवत नसेल तर अंगणात जाऊन बसा. त्या तेवढा वेळ अंगणात जाऊन बसू लागल्या. मनीषा सांगायची की पाठ दाराकडे, पण कान घरात.

मग सोयाबीनची सोंगणी आली आणि सगळं कोलमडलं. घरातलं धडधाकट माणूस शेतात, मनीषासुद्धा. मोजा घालायचा तर कौसाबाईंनीच. मनीषानं मला फोनवर स्पष्ट सांगितलं, "झालं आता. आत्याबाईच्यानं होत नाई. ज्या कामासाठी नाव काढलं तेच राह्यलं." तिचा आवाज इतका खचलेला मी कधी ऐकला नव्हता. दुसऱ्याच दिवशी मी केनवडची गाडी धरली.

घरात शिरले तर राधिका सतरंजीवर बसलेली, डाव्या हातात मोजा, आणि रडून लाल झालेली. समोर कौसाबाई. त्यांनी स्वतःच्या हातातल्या बांगड्या काढून पोरीच्या उजव्या बाजूला मांडल्या होत्या आणि आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. त्यांच्याही डोळ्यांतून धारा लागलेल्या. मला पाहताच म्हणाल्या, "सिस्टर, तुमी काढा. माह्यानं नाई पाहवत. मी हात दाबून बसली हाय, नाई तर कवाच काढला असता."

"जरासं थांबा," मी म्हटलं, आणि खरं सांगते, माझाही हात पुढं जात होता.

राधिकानं डावा हात आपटला, मोजा तोंडाशी नेला, चावला, पुन्हा आपटला. मग तिनं तो हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे रागानं पाहत राहिली. आणि उजवा हात हलला. आधी खांद्यापासून, वेडावाकडा, भलतीकडेच गेला. परत आला. मोज्यावर आदळला. मूठ तशीच बंद. पुन्हा आदळला. कौसाबाई पुटपुटल्या, "माय व..." मी त्यांचा दंड घट्ट धरला. पोरीचा अंगठा मुठीतून बाहेर आला. बोटं एकेक करून नाही, सगळी एकदम उघडली, मोज्याच्या कडेवर पडली आणि मिटली. तिनं ओढलं. निसटलं. पुन्हा धरलं, आणि सगळं अंग मागं टाकून असं काही ओढलं की मोजा सुटून सतरंजीवर पडला आणि पोरगी त्याच्याबरोबर आडवी झाली.

मी पोरीला उचलून बसतं केलं. कौसाबाईंचे हात अजून मांडीखालीच होते.

तेवढ्यात मनीषा शेतातून आली. डोक्याला फडकं, पायाला माती. तिनं दारातूनच सतरंजीवरचा मोजा पाहिला, पोरीचा मोकळा डावा हात पाहिला, आणि हातातला विळा खाली टाकून ओरडली, "आत्याबाई, काढला ना पुन्हा? काढला ना?"

कौसाबाईंनी मांडीखालचे दोन्ही हात वर करून तिला दाखवले.

"मी नाई काढला व," त्या म्हणाल्या. "मनीषा, आज मी नाई काढला!"